बेसावध चेहऱ्यांचा नाद

तेव्हा मी अगदीच अल्लड होते. वय एकसष्ट.

हसू नका. आज एकाहत्तराव्या वर्षी बघते तेव्हा ती बया मला खरंच पोरसवदा वाटते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, पेन्शन सुरू, गुडघे शाबूत, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की खात्री. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी टिकली काढली नव्हती आणि त्याचा मला भारी ताठा होता. जिंतूरच्या आमच्या गल्लीतल्या बायका माझ्या कपाळाकडं बघून कुजबुजायच्या. ती कुजबुज मला शाल-श्रीफळासारखी वाटायची. आपल्या पेन्शनमुळं त्या बायका नुसत्या कुजबुजतात, तोंडावर बोलत नाहीत, एवढं साधं गणित बाईंना सुटलेलं नव्हतं.

फोटोचा नाद लागला तो नवऱ्यामुळं. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून आम्ही पेटी उपसली. पुष्कळ निघाले. पण सगळ्यांत हा माणूस तहसीलदारापुढं उभा केल्यासारखा ताठ. हात मांडीला चिकटलेले, श्वास कोंडलेला. आमच्याकडं कॅमेरा दिसला की माणूस असाच उभा राहतो. पुरुष टोपी चाचपतात, बायका पदर ओढून लेकराचं नाक पुसतात, आणि मग सगळे मिळून चेहरा बंद करतात. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस त्या पेटीत कुठंच नव्हता.

एकाच फोटोत सापडला. शाळेच्या सहलीत कुणीतरी उरलेला रोल संपवायचा म्हणून खटाखट काढलेले कृष्णधवल फोटो होते. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात हे बसलेले. कानात काडी घातलेली, एक डोळा मिटलेला, आणि तोंडावर असं सुख, की लग्नाच्या फोटोतही नसेल. मी म्हटलं, हा माझा नवरा. बाकीचे सगळे त्याचे चुलतभाऊ. पण मुलगा म्हणाला, "आई, हार कशाला घालायचा मग, कानातल्या काडीला?" भिंतीवर तहसीलदारापुढचा लागला. काडीवाला मी कपाटात ठेवला.

पुण्याला शिकणाऱ्या नातीनं तो पाहिला. म्हणाली, "आजी, हे बेस्ट आहे. असे फोटो काढायला लोक रस्त्यावर हिंडतात." पुढच्या सुट्टीत तिनं स्वतःचा जुना, मुठीत मावेल एवढा कॅमेरा आणून दिला आणि काहीतरी दाबून ठेवलं. "ह्यात रंग येणारच नाहीत. मागच्या पडद्यावरही काळं-पांढरंच दिसेल. आधी रंगीत काढून मग पुसायचं, तसलं काही नाही. बघायचंच रंगाशिवाय."

बघायचंच रंगाशिवाय. हे वाक्य मी नंतर दहा जणांना स्वतःचं म्हणून ऐकवलं.

पण खोटं का बोलू, त्यात जादू होती. आजही कबूल करते. आमचा आठवडी बाजार डोळ्यांनी बघा. प्लास्टिकच्या हिरव्या-निळ्या बादल्या, बियाणांच्या कंपन्यांचे फलक, कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या पाट्या, गुलाबी, भगवे, जांभळे. सगळे एकदम ओरडतात. त्या चिमुकल्या पडद्यात बघितलं की ओरडा बंद. पाटी करडी, बादली करडी. उरतात ती माणसं. वांगी चाचपणारा अंगठा. उन्हानं अर्धा उजळलेला, अर्धा विझलेला गाल. आमच्या परभणीकडचं ऊन कुणाला प्रिय नाही, पण या कामाला ते एकदम फर्मास. दुपारी बारा वाजता माणसाच्या भुवईची सावली डोळ्यात पडते आणि साधा केळीवाला एखाद्या राजासारखा दुःखी दिसतो. तो खरं तर गिऱ्हाईक नाही म्हणून कंटाळलेला असतो. पण फोटोत कंटाळा आणि दुःख यांच्यात फरक करता येत नाही, आणि मला दुःखच हवं होतं.

चोरी करायला म्हातारीसारखं सोंग नाही. बाजारात म्हातारी कुणालाच दिसत नाही. मी कॅमेरा पदराखाली पोटाशी धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि काहीतरी हरवल्यासारखी उभी राहायचे. एकदा एक पोलीस कान कोरताना टिपला. एकदा न्हाव्यापुढं मान वाकवून बसलेला, पूर्वी मला छळलेला केंद्रप्रमुख. असे बेसावध चेहरे घरी आणायचे आणि रात्री जेवण झाल्यावर एकेक बघत बसायचे. त्या माणसांना ठाऊक नसलेलं त्यांचंच काहीतरी माझ्याजवळ आहे, ही भावना दारूसारखी असते. दारू मी प्यायले नाही. पण अंदाज आला.

हळूहळू बाई कलावंत झाल्या. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकायचे आणि खाली एक शब्द लिहायचा. "प्रतीक्षा." "शून्य." गुडघ्यांच्या तेलाच्या चौकशांमध्ये माझं "शून्य". सगळे अंगठे दाखवायचे. मला वाटायचं, भारावलेत.

तो दिवस शेळ्यांच्या बाजाराचा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारच्याला कळू नये म्हणून. हे पुरुषांचं काम. बाई शेळी घेऊन आली, तरी तिचा भाऊ किंवा दीर रुमालाखाली हात घालतो. पण त्या दिवशी एका कडुलिंबाखाली एक बाई स्वतःच व्यापाऱ्याचा हात धरून उभी होती. पस्तिशीची असेल. दोन बोकड दावणीला, हातावर रुमाल. व्यापाऱ्यानं खाली काहीतरी फारच कमी आकडा दाबला असावा, कारण तिनं मान मागं टाकली आणि मोठ्यानं हसली. सगळे दात दिसले. तो व्यापारीही हसला. त्यातला एक बोकड मात्र कॅमेऱ्याकडं बघत होता. साऱ्या बाजारात चोरी फक्त त्यालाच कळली.

मी दाबलं.

तसा फोटो मला पुन्हा साधला नाही. रुमाल मधोमध पांढरा, त्याच्याखाली दोन हातांचा उंचवटा, मागं पसरलेली धूळ, आणि ते हसू. तिच्या कपाळावर एक गडद ठिपका. मी त्याच संध्याकाळी तो गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "मुक्त".

गटातल्या एका गुरुजींची शेवटची नेमणूक त्या बाईच्या गावातली. "अरे, ही तर आपल्या गावची!" म्हणत त्यांनी कौतुकानं तो गावच्या गटावर धाडला.

आठ दिवसांनी ती माझ्या दारात उभी. घोटभर पाणी प्याली. चहा नको म्हणाली.

"बाई, तुमीच काढला न्हवं माझा फोटू?"

मी काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते. मी म्हटलं, "आवडला का?"

ती उंबऱ्यावरच टेकली. मग सांगायला लागली. नवरा जाऊन सात वर्षं झाली. घरात सासू, थोरला दीर, म्हणजे आमच्याकडं म्हणतात तो भाया, त्याची बायको-पोरं, आणि तिची एकुलती एक मुलगी, नववीतली. नवऱ्याच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा तिच्या नावावर. तो भायाच्या डोळ्यात सलणारा. ती माळकरी. नवरा गेल्यापासून रोज आंघोळ झाली की कपाळाला बुक्का लावायची. काळा. तो ठिपका मी फोटोत गडद टिपला, आणि गावात प्रत्येक फोनवर तो फोटो बघून एकच बोललं गेलं. बाजारात जाऊन कुंकू लावती. घरी येताना पुसती. परक्या माणसाचा हात धरून हसती.

"रुमालाचं त्यान्ला बी कळतंय, बाई. बाजार त्यान्ला काय नवा हाय व्हय? पर कुंकवाचं लय झालंय. माझी पोरगीच म्हणायली, फोटू काय खोटं बोलतो का?" तिनं पदरानं तोंड पुसलं, कपाळ सांभाळून. "सुक्कीरवारी चार मानसं बसवायलेत. मला म्हायेराला धाडायचं, आन् पोरगी ठिवून घ्यायची म्हणायलेत. तुमी या. एवढंच सांगा, बुक्का व्हता म्हनून. तुमी तर डोळ्यानं पाह्यलंय."

मी तिच्या कपाळाकडं बघितलं. बुक्काच. काळाकुट्ट, मधे जरासा विस्कटलेला. कॅमेरा काढून फोटो बघितला. तिथंही काळा. पण त्या फोटोत तर व्यापाऱ्याचा फेटाही काळाच होता, आणि आमच्या बाजारात काळा फेटा कुणी बांधत नाही.

नातीला फोन लावला. म्हटलं, "ह्याचे रंग परत आणून दे गं, काय लागतील ते पैसे देते."

"आजी, परत कसे आणू? त्यात रंग कधी नव्हतेच."

शुक्रवारी दुपारच्या एसटीनं गेले. इस्त्रीची सुती साडी, कपाळावर टिकली, हातात पिशवी. तपासणी अधिकारी निघाल्यासारखी. ओसरीवर चार म्हातारे, सासू खांबाला टेकलेली, भाया मोठ्या अदबीनं "बसा बाई, बसा" करणारा. ती उंबऱ्याच्या आत उभी. मुलगी आणखी आत, शाळेच्या गणवेशात. तिचा चेहरा मला अंधारात दिसला नाही.

चहा झाला. भायानं फोनवर फोटो उघडून माझ्यापुढं धरला.

"तुमी शिकलेल्या हाव, बाई. तुमच्या शब्दाबाहीर कोनी न्हाई. तुमी डोळ्यानं पाह्यलं ना? मंग सांगा, लाल व्हतं का काळं?"

आणि माझ्या लक्षात आलं, की मी पाहिलंच नव्हतं.

ती समोर, चार हातांवर उभी होती, आणि मी मान खाली घालून पदराआडच्या पडद्यात बघत होते. त्यात ती काळी-पांढरीच होती. तिची साडी कुठल्या रंगाची होती, बांगड्या होत्या का, काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं. बघायचंच रंगाशिवाय!

तरी "काळं" म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. तिनं तोंडानं सांगितलेलं, माझ्या दारात मी स्वतः पाहिलेलं. ते उचलून इथं ठेवायचं, बस. पण मी पस्तीस वर्षं फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" लिहिलेली बाई. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं कसं? बरं, "मला ठाऊक नाही" म्हणावं, तर बाईंना काही ठाऊक नसणं जमत नव्हतं. मग काय करावं? बाईंनी भाषण केलं.

"लाल की काळं हा प्रश्नच चुकीचा आहे," मी म्हटलं. "समजा लावलं असेल कुंकू, तर काय बिघडलं? माझे यजमान गेले, हे बघा, मी टिकली लावते. काय झालं? कपाळ तिचं आहे." आणि असंच पुढं. बायकांचे हक्क, काळ बदलला, मुलींचं शिक्षण. बोलता बोलता माझा आवाज चढला, वर्गात चढायचा तसा. एक म्हातारा मान हलवायला लागला. मला वाटलं, पटतंय.

मी थांबले. सासू खांबाचा आधार सोडून सरळ बसली.

"म्हंजी लावलं व्हतं," ती म्हणाली.

"तसं नाही मी म्हटलं."

"न्हाई कसं? लावलं तर काय बिघडलं, म्हनला न्हवं? सम्द्यायनी ऐकलंय."

भायानं फोन खिशात टाकला. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती. मी उंबऱ्याकडं बघितलं. ती माझ्याकडं रागानं बघत असती तर बरं झालं असतं. ती बघत होती आतल्या बाजूला, मुलीकडं. मुलीनं पाठ फिरवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वालूरच्या अलीकडं तिचं माहेर. भाऊ येऊन घेऊन गेला, दोन शेळ्या तेवढ्या बरोबर. चार माणसांनी मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, मी आजीपाशी राहते.

मी मग धावपळ केली. धावपळ करण्यात आमचा हात कुणी धरायचा नाही. वकील गाठला. त्यानं नोटीस दिली आणि जमिनीचा तुकडा तिच्या नावावरच राहिला. कागदावर. पेरतो अजून भायाच. पण सातबाऱ्यावर मुलगी नसते. मी त्या गावच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. मला बघून थबकली.

"तुम्ही फोटोवाल्या ना?" म्हणाली आणि चट्‌दिशी ओढणी तोंडावर घेतली.

मी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. तरी तिनं ओढणी काढली नाही. तशीच, झाकल्या तोंडानं, गावाकडं निघून गेली.

तिच्या आईकडं मी वर्षातून दोनदा तरी जायचे. भावजयीच्या राज्यात गोठ्याशेजारची खोली. ती शेळ्या राखायची, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. मला बसायला पोतं टाकायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. एकदाच बोलली.

"त्या दिसी तुमी लय बोललाव, बाई. एवढुसं बोलायचं व्हतं."

कॅमेरा मी त्या शुक्रवारी घरी आल्यावरच कपाटात ठेवून दिला होता, कानात काडी घातलेल्या नवऱ्याशेजारी. गटावर कुणीतरी विचारलं, बाई, हल्ली फोटो नाहीत? मी लिहिलं, डोळ्यांचा त्रास आहे. खोटं नव्हतं.

चार वर्षांनी ती पुन्हा माझ्या दारात आली. या वेळी चहा घेतला.

"पोरीचं लगीन हाय. बारावी झाली का लगीच उरकायलेत. मला आवतन न्हाई. पत्रिकेत नाव बी न्हाई. मेलेल्याचं तरी घालत्यात."

मी गप्प बसले. एवढं तरी शिकले होते.

"तुमी जाल का?"

"अगं, मला कुणी बोलावलंय?"

"तुमाला कोन इचारतंय? लग्नात शंभर म्हाताऱ्या असत्यात." तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. शेळ्यांच्या बाजारातल्या हसण्याचं फार तर नखभर. "पदराखालून काढता न्हवं, तसा काढा एक. तिला कळू देऊ नका. कळलं का तोंड झाकती."

दारापर्यंत गेली आणि वळली.

"रंगीत काढा, बाई."

नातीला नोकरी लागली होती, ती कामात होती. तरी तिनं फोनवर कुठं काय दाबायचं ते सांगितलं. तिसऱ्या खेपेला जमलं. पडद्यावर आमचा हळदीचा डबा पिवळा दिसला.

लग्नाला गेले. वराकडच्यांनी विचारलं तर मुलीकडची, मुलीकडच्यांनी विचारलं तर वराकडची. सासू माझ्या समोरून दोनदा गेली. मोतीबिंदू झाला होता की मी नकोशी होते, कळलं नाही. मुलगी मांडवाच्या मागं खुर्चीवर बसली होती, साडी अंगाला न सरावलेली. मी चष्मा कपाळावर चढवला आणि हरवल्यासारखी उभी राहिले. पण ह्या वेळी पडद्यात बघितलं नाही. तिच्याकडंच बघितलं. मुंडावळ्या खाजत असाव्यात. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली, आणि करंगळी मुंडावळीखाली घालून नाक वर ओढून कपाळ खाजवलं. मी दाबलं. मग जेवणाच्या पंगतीला न थांबता एसटी धरली.

जिंतूरला फोटो छापून घेतला. वाकडा आला होता, एक खांदा कापलेला. तरी चेहरा स्वच्छ होता. घेऊन गेले. तिनं आधी हात धुतले, पदराला पुसले. मग फोटो उन्हातून काढून सावलीत धरला. खूप वेळ धरला.

"हळद चांगली चढलीय," ती म्हणाली. मग बोटानं न टेकवता, वरूनच दाखवत, "साडी मोरपंखी घेतली व्हय. तिला लाल नको व्हती, ल्हानपनापासून."

शेळ्या ओरडायला लागल्या होत्या. ती उठली नाही.

"बाई, माझं नाव काढलं का कोनी?"

मी म्हटलं, "काढलं ना. तिनंच काढलं. मांडवात बसताना म्हणाली, आई असती तर…"

तिनं फोटोवरून नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मुलाचा पाढा चुकल्यावर मी बघायचे तसं काहीसं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमाला जमत न्हाई."

आणि फोटो पोलक्यात सरकवून शेळ्या सोडायला गेली.